शिकवणीविना दहावीचे गणित

शाळा उघडल्या की दहावीत गेलेल्या मुलाच्या घरी पहिला प्रश्न येतो तो शिकवणीचा. "गणिताला ट्युशन कुठं लावलाय?" असे शेजारी विचारतात, लग्नघरी पाहुणे विचारतात, बसस्टॉपवर भेटलेले जुने मास्तरही विचारतात. "कुठं नाही" असे उत्तर दिले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते, आणि ती हळूहळू आईबापांच्याही मनात शिरते. आपण मुलाचे नुकसान तर करत नाही ना?

सीमाभागातल्या घरांत या काळजीला आणखी एक पदर असतो. मूल मराठी माध्यमात असेल, तर जवळपासच्या शिकवणीत मराठीतून गणित शिकवणारे मिळतीलच असे नाही. मूल कन्नड माध्यमात असेल, तर घरी आईला विचारावे तर तिचे गणित मराठीतून झालेले. खेडेगावातून संध्याकाळी शहरात शिकवणीला जायचे, तर शेवटची बस आणि मुलीचे परतणे हा वेगळाच हिशेब. फीचे तर बोलायलाच नको. एकूण काय, तर अनेक घरांत स्वतःच्या बळावर अभ्यास करण्यावाचून इलाज नसतो.

सुदैवाने गणित हा त्यासाठी सर्वांत सोयीचा विषय आहे. निबंध चांगला झाला की नाही हे दुसऱ्याने सांगावे लागते. गणिताचे उत्तर बरोबर आले की नाही हे मूल स्वतः ताडून पाहू शकते. मात्र 'स्वतः अभ्यास' म्हणजे नुसते पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणे नव्हे. पेपर कसा आहे, पुस्तक कोणते धरायचे, कोणत्या भाषेत लिहायचे आणि आपली चूक कुठे होते, या चार गोष्टींचा पत्ता असेल तर ऐंशीपैकी पंचाहत्तरच्या वर जाणे साध्या घरातल्या मुलालाही जमण्यासारखे आहे.

आधी पेपर ओळखा

कर्नाटकात दहावीची, म्हणजे एसएसएलसीची, परीक्षा एकूण ६२५ गुणांची असते. प्रथम भाषेला १२५ आणि बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी १००. गणिताच्या शंभरांपैकी २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ८० लेखी पेपरचे. वेळ तीन तास, शिवाय प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी १५ मिनिटे. कॅल्क्युलेटर चालत नाही.

अलीकडच्या वर्षांतल्या पेपरात ३८ प्रश्न असतात. ८ पर्याय निवडण्याचे आणि ८ एका वाक्यात किंवा एका पायरीत सुटणारे, असे एकेका गुणाचे १६ प्रश्न. दोन गुणांचे ८, तीन गुणांचे ९, चार गुणांचे ४ आणि पाच गुणांचा १. बेरीज करून पाहा: १६ अधिक १६ अधिक २७ अधिक १६ अधिक ५, बरोबर ८०.

आता हेच आकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. एक, दोन आणि तीन गुणांच्या प्रश्नांची बेरीज ५९ होते. म्हणजे जवळजवळ पाऊण पेपर लहान प्रश्नांचा. मुले मात्र वर्षभर धास्ती घेतात ती मोठ्या प्रमेयाची आणि आलेखाची. प्रमेय दहादा लिहून पाठ असते आणि गुण जातात ते साध्या उदाहरणात उणे चिन्ह विसरल्यामुळे. वरच्या गुणांसाठी धडपडणाऱ्या मुलाने हे आधी लक्षात घ्यावे. त्याची खरी कसोटी लहान प्रश्न न चुकता सोडवण्यात आहे.

वेळेचाही हिशेब सोपा आहे. गुणाला दोन मिनिटे धरली तर ८० गुणांना १६० मिनिटे लागतात. १८० मधली २० उरतात, ती तपासणीसाठी. घरी सराव करतानाही हेच माप ठेवावे. तीन गुणांचे उदाहरण सहा मिनिटांत सुटले नाही तर खूण करून पुढे जायचे, ही सवय परीक्षेच्या दिवशी आपोआप येत नाही. ती आधी लावून घ्यावी लागते.

मामाने पाठवलेले गाईड

सीमेवरच्या घरांत एक गंमत नेहमी घडते. कोल्हापूरचा मामा किंवा सांगलीची मावशी मायेने महाराष्ट्र बोर्डाचे गाईड पाठवून देते. मराठीतले, छान छपाईचे. मूल त्यावर तुटून पडते. पण तो अभ्यासक्रम वेगळा आहे. महाराष्ट्रात गणिताचे भाग एक आणि भाग दोन असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात. तिथे 'अर्थनियोजन' हा धडा आहे, रेषीय समीकरणांसाठी निश्चयकाची पद्धत आहे, भूमितीत चक्रीय चौकोन आहे. कर्नाटकाच्या दहावीच्या पुस्तकात हे नाही. उलट वास्तव संख्या आणि बहुपदी हे आपल्याकडचे धडे त्या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे सापडत नाहीत.

वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, त्रिकोणमिती अशा समान धड्यांचा जादा सराव म्हणून ते गाईड जरूर वापरावे. मामाचे प्रेम वाया जाऊ देऊ नये. पण मुख्य पुस्तक आपल्या शाळेतलेच.

तेही यंदाचे. कर्नाटकातले दहावीचे गणित आता एनसीईआरटीच्या पुस्तकावर आधारलेले आहे, आणि एनसीईआरटीने २०२२ साली अभ्यासक्रम हलका करताना काही भाग गाळले. युक्लिडचा भागाकाराचा नियम, भौमितिक रचनांचा धडा, शंकूचा छेद, संचित वारंवारतेचा आलेख हे त्यांतले. ताईचे चार-पाच वर्षांपूर्वीचे पुस्तक किंवा जुने गाईड हाती असेल तर मूल गाळलेल्या भागावर आठवडा घालवून बसते. म्हणून पहिल्याच दिवशी नव्या पुस्तकाची अनुक्रमणिका आणि शाळेत मिळालेला गुणांचा आराखडा समोर ठेवून, नको असलेल्या भागांवर जुन्या पुस्तकात पेन्सिलीने काट मारावी.

आणखी एक. पुस्तकात प्रत्येक स्वाध्यायाच्या आधी सोडवलेली उदाहरणे असतात. बहुतेक मुले ती नुसती वाचून, किंवा न वाचताच, स्वाध्यायाकडे जातात. स्वतः शिकणाऱ्याचे खरे शिक्षक म्हणजे हीच उदाहरणे. ती आधी वाचावीत, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहावीत आणि नंतर ताडून पाहावीत.

दोन भाषांचे घर, एक उत्तरपत्रिका

आपल्या घरांची खरी अडचण, आणि खरे तर श्रीमंतीही, दोन भाषांची आहे. एसएसएलसीचा गणिताचा पेपर कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतूनही निघतो. पण मुलाच्या कानांवर गणित एकाच भाषेत पडत नाही. शाळेत एक, मोबाइलवरच्या धड्यात दुसरी, मित्रांत तिसरी.

काही शब्द दोन्ही भाषांत सख्ख्या भावंडांसारखे आहेत. प्रमेय तेच, त्रिज्या आणि त्रिज्य, शंकू आणि शंकु. काही चुलत भावंडे आहेत: आपले वर्तुळ ते कन्नडमध्ये वृत्त, त्रिकोण ते त्रिभुज, स्पर्शिका ते स्पर्शक, बहुपदी ते बहुपदोक्ति, संभाव्यता ते संभवनीयते. आपण लसावि आणि मसावि म्हणतो, तिकडे लसाअ आणि मसाअ. थोडे कान देऊन ऐकले की अर्थ लागतो.

घोळ होतो तो दिसायला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या शब्दांचा. प्रमेयाची मांडणी घ्या. मराठीत आपण पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता असे चार टप्पे लिहितो. कन्नडमध्ये तेच दत्त, साधनीय, रचने आणि साधने. आता 'साधने' म्हटले की मराठी मुलाला कंपास आणि पट्टी आठवते. कन्नड वहीत मात्र खुद्द सिद्धताच त्या शब्दाखाली लिहायची असते. वर्गसमीकरणातला आपला 'विवेचक' कन्नडमध्ये 'शोधक' होतो. सांख्यिकीत मध्य आणि मध्यक हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द. कन्नडमध्ये पहिल्याला सरासरी म्हणतात आणि दुसऱ्याला मध्यांक. घाईत मध्य, मध्यक, मध्यांक यांची गल्लत झाली की गणित येत असूनही उत्तर चुकते.

यावर उपाय साधा आहे. एक पातळ वही घ्यावी, पानावर तीन रकाने आखावेत: मराठी, कन्नड, इंग्रजी. धडा सुरू झाला की त्यातले नवे शब्द तीन्ही रकान्यांत लिहावेत. चौदा धड्यांचे मिळून दीडशे-दोनशे शब्द होतील. मराठी शब्दही शाळेच्या पुस्तकात जसा छापला असेल तसाच लिहावा, कारण महाराष्ट्राच्या पुस्तकातला शब्द थोडा वेगळा असू शकतो. नियम एकच ठेवावा: विचार कोणत्याही भाषेत करा, लिहा मात्र एकाच भाषेत, प्रश्नपत्रिकेच्या. धडा कन्नडमध्ये पाहिला असेल तर तो संपल्यावर त्यातले एक उदाहरण आपल्या माध्यमाच्या शब्दांत लिहून काढल्याशिवाय अभ्यास झाला असे धरू नये.

या वहीत 'श्रेढी' हा शब्द आला की क्षणभर थांबावे. आपली अंकगणिती श्रेढी आणि कन्नडमधली समांतर श्रेढि यांत हा शब्द दोघांनी सारखाच जपला आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे बाराव्या शतकात, 'श्रेढीव्यवहार' नावाचे प्रकरणच आहे. या भास्कराचार्यांचे गाव कोणते, यावर आजही दोन मते आहेत. कोणी कर्नाटकातले विजयपूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळचे पाटण, जिथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. वाद राहू द्या. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एवढे सांगितले तरी पुरे, की हे गणित दोन्ही अंगणांत खेळलेले आहे.

वाचलेले गणित आणि केलेले गणित

एकट्याने अभ्यास करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे 'हे मला येते' हा भास. सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते. मोबाइलवर सर फळ्यावर सोडवतात, तेव्हा तर सगळे सोपेच वाटते. पण डोळ्यांना पटणे वेगळे आणि हाताला येणे वेगळे. पोहणे काठावरून पाहून येत नाही, तसेच हे.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली केलेला एक प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होते. आपल्या जुन्या शाळांत पुस्तक मिटवून 'आता म्हण' सांगत, त्यात शहाणपण होते म्हणायचे.

दुसरा प्रयोग थेट गणिताचा आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली दाखवले, की एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने करणाऱ्यांना सरावाच्या वेळी चांगले जमते. पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, ज्यांनी वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करून सराव केला, ते बरेच पुढे निघतात. कारण उघड आहे. स्वाध्यायात सगळीच वर्गसमीकरणे असतात, तेव्हा कोणते सूत्र लावायचे हा विचारच करावा लागत नाही. पेपरात प्रश्नावर धड्याचे नाव लिहिलेले नसते.

म्हणून धडा शिकताना ओळीने सराव करावाच, पण दर रविवारी आधीच्या सर्व धड्यांतली मिळून दहा उदाहरणे चिठ्ठ्या टाकून काढावीत. चिठ्ठ्या काढायला धाकट्या भावाला बसवावे. त्यालाही मजा वाटते.

किती उदाहरणे करावीत, हा पालकांचा आवडता प्रश्न. त्याचे उत्तर श्रेढीनेच काढू. जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा उदाहरणे, पुढे दर आठवड्याला दोन जास्त, असे २० आठवडे चालले तर विसाव्या आठवड्यात ४८ उदाहरणे येतात, म्हणजे दिवसाला जेमतेम सात. एकूण किती? पहिले पद १० आणि शेवटचे ४८ यांची बेरीज ५८, तिला पदसंख्येच्या निम्म्याने, म्हणजे दहाने गुणले की ५८०. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाचशे ऐंशी उदाहरणे, आणि एकही दिवस रात्र जागवावी लागली नाही.

चुकांची वही

शिकवणीतले चांगले सर एक काम करतात, जे पुस्तक करत नाही. ते मुलाची नेमकी खोड ओळखतात. शिकवणी नसेल तर हे काम मुलाने स्वतः करायचे, आणि त्यासाठी चुकांची वही हवी. चुकलेले प्रत्येक उदाहरण तीत लिहायचे: काय चुकले, का चुकले, बरोबर काय. उदाहरण बरोबर उतरवून वर मोठी फुली मारणे पुरेसे नाही. 'का' महत्त्वाचे.

एक नेहमीची चूक पाहू. २क्ष² − ५क्ष + ३ = ० हे समीकरण सूत्राने सोडवायचे आहे. इथे क्षच्या मागचा सहगुणक उणे पाच आहे, आणि सूत्रात तो चिन्ह बदलून येतो, म्हणजे अधिक पाच. घाईत मूल उणे पाचच ठेवते. विवेचक २५ − २४ = १ हा बरोबर येतो, पण उत्तरे येतात −१ आणि −३/२. खरी उत्तरे १ आणि ३/२. तपासायला अर्धे मिनिट लागते: −१ ठेवून पाहा, २ + ५ + ३ म्हणजे १०, शून्य नाही. १ ठेवून पाहा, २ − ५ + ३, शून्य. समीकरणात उत्तर परत ठेवून पाहणे ही स्वतः शिकणाऱ्याची फुकटातली शिकवणी आहे.

दुसरी चूक. वर्तुळाचा व्यास १४ सेंमी दिलेला असतो आणि मूल तीच त्रिज्या धरते. क्षेत्रफळ १५४ चौ. सेंमी यायचे, ते ६१६ येते, थेट चौपट. इथे गणित येत नाही असे नाही. प्रश्न नीट वाचलेला नाही. म्हणून चुकांच्या वहीत चुकीची जात लिहावी: चिन्ह, वाचन, सूत्र, उतरवणे, एकक, आकडेमोड. महिनाभराने मोजले की कळते, आपल्या बारा चुकांपैकी सात 'वाचना'च्या आहेत. अशा मुलाने आणखी शंभर उदाहरणे करून उपयोग नाही. प्रश्नातल्या दिलेल्या संख्यांखाली रेघ मारून मगच पेन चालवायची सवय त्याला लावायला हवी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायची वही कोणती? हीच. सगळे पुस्तक त्या दिवशी उलगडून बसू नये.

पायऱ्यांना गुण असतात

परीक्षा झाल्यावर मंडळ उत्तरसूची प्रसिद्ध करते. जुन्या वर्षांच्या उत्तरसूच्या आणि नमुना प्रश्नपत्रिका मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. शाळेत मागितल्या तर छापील प्रतीही मिळू शकतात. पालकांनी एकदा तरी मुलाबरोबर बसून त्या पाहाव्यात. पायरीगणिक अर्धा गुण, एक गुण अशी वाटणी तिथे स्पष्ट दिसते. सूत्र लिहिल्याचा गुण वेगळा, किंमती घातल्याचा वेगळा, उत्तराचा वेगळा. हुशार मुले तोंडी आकडेमोड करून एकदम उत्तर लिहितात आणि हातचे गुण सोडून देतात.

एकट्याने गणित शिकण्याची गोष्ट निघाली की रामानुजन यांचे नाव निघतेच. त्यांच्या हाती पडलेल्या कार यांच्या पुस्तकात हजारो निष्कर्ष होते, पण सिद्धता फारशा नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या वह्याही तशाच झाल्या. पुढे हार्डी यांनी त्यांच्याकडे सिद्धतांचा आग्रह धरला. प्रतिभावंतालाही ते चुकले नाही, मग आपला परीक्षक पायऱ्या मागणारच.

प्रमेयात तर एकेक कारण मोलाचे. थेल्सच्या प्रमेयात त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढून दोन लहान त्रिकोणांची क्षेत्रफळे समान दाखवतात. ती समान का? कारण दोन्ही त्रिकोण एकाच पायावर आणि एकाच समांतर रेषांच्या जोडीत आहेत. पाठ करणारे मूल नेमके हे वाक्य विसरते, कारण ते त्याला शोभेचे वाटते. समजून घेतलेले मूल विसरत नाही, कारण रेषा समांतर असल्याचा उपयोग त्या वाक्यातच होतो. ते काढले तर उरलेले गणित कोणत्याही तिरक्या रेषेला लागू पडेल, आणि मग प्रमेयच खोटे ठरेल. आकृती मात्र पेन्सिलीने, पट्टीने आणि नावे घालून काढावी. मोकळ्या हाताची आकृती चालून जाईल या भरवशावर राहू नये.

वर्ष कसे वाटावे

रोज एक तास, पण रोज. सकाळी पाणी यायच्या आधीचा असो की रात्री जेवणानंतरचा, वेळ ठरलेली असावी. पहिले दोन-तीन आठवडे मागची थकबाकी फेडण्यात घालवावेत: अपूर्णांक, उणे संख्या, अवयव पाडणे, तीसपर्यंतचे वर्ग. दहावीत गणित 'कळत नाही' म्हणणाऱ्या अनेक मुलांचे दहावीचे काहीच अडलेले नसते. सातवी-आठवीचे अडलेले असते.

दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत शाळेच्या बरोबरीने धडे पुरे करावेत. सुट्टीत नवीन काही न घेता झालेले सगळे एकदा फिरवून घ्यावे. डिसेंबरअखेर अभ्यासक्रम संपला, की जानेवारीपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, एका बैठकीत. तो तपासायचा मुलानेच, उत्तरसूची घेऊन, लाल पेनने आणि कठोरपणे. शाळेची पूर्वतयारी परीक्षा ही अशाच पेपरांतली एक समजावी. तीत साठ पडले म्हणून रडू नये आणि पंचाहत्तर पडले म्हणून सैल पडू नये.

मधूनमधून वहीबाहेरचेही गणित करावे. देवळाच्या दीपमाळेची सावली सहा मीटर पडली आहे आणि शेजारी उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची पाऊण मीटर. दीपमाळ किती उंच? समरूप त्रिकोणांवरून आठ मीटर. उन्हात उभे राहून एकदा हे मोजले की समरूपता पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

घरच्यांनी काय करावे

"आम्हाला गणित येत नाही, आम्ही काय करणार?" असे अनेक आया म्हणतात. खरे तर घरच्यांचे काम गणित शिकवणे नाहीच. ऐकणे आहे. भाकऱ्या थापताना आईने म्हणावे, "आज काय केलास ते सांग बघू." मुलाला आपल्या शब्दांत सांगता आले नाही तर त्याला ते कळलेले नाही, आणि हे आईला सूत्र न येताही समजते. अडखळले की "मग?" एवढेच विचारायचे. आज्जी कन्नड घरातून आलेली असेल तर तिला कन्नडमध्ये सांगू द्या. एकच गोष्ट दोन भाषांत सांगता आली, की ती पक्की झाली. आजोबांना पावकी-दिडकी येत असेल किंवा आज्जीला मग्गी, तर आकडेमोडीचा वेग त्यांच्याकडून घ्यावा. तो वेग परीक्षेत कामी येतो.

दुसरे काम म्हणजे एक तास शांतता. टीव्ही बंद, पाहुण्यांना चहा आतल्या खोलीत, मोबाइल कपाटावर. तिसरे काम, न बोलण्याचे: 'काकाच्या मुलाला किती पडले' हे वाक्य वर्षभर घरात येऊ देऊ नये.

स्वतः अभ्यास म्हणजे कोणालाच विचारायचे नाही, असेही नव्हे. शंकांची यादी करून आठवड्यातून एकदा शाळेतल्या सरांना किंवा बाईंना गाठावे. 'काही कळत नाही' असे न म्हणता 'तिसऱ्या पायरीत हे कसे आले' असे विचारावे. नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शिक्षक मधल्या सुट्टीतही वेळ देतात. आणि तीन महिने मनापासून करूनही मुलगी जागची हलत नसेल, तर हट्टाने शिकवणी टाळू नये. शिकवणी लावण्यात कमीपणा नाही. तिच्या भरवशावर स्वतःचा हात चालवणे थांबले तर मात्र शिकवणीचाही उपयोग होत नाही.

निकालानंतर

२०२४ पासून एसएसएलसीच्या वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात आणि विषयातले जास्तीचे गुण धरले जातात. पहिल्या परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी पडले तर वर्ष वाया जात नाही. मूल्यमापनाबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, फेरमोजणी आणि फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. प्रत हाती आली की आधी उत्तरसूचीशी ताडून पाहावी, मगच फेरतपासणीची फी भरावी. नुसत्या रागाने अर्ज करू नये.

शंभरपैकी शंभर प्रत्येकालाच पडतील असे नाही. एखादा प्रश्न निसटतो, एखादी बेरीज चुकते. पण मराठी माध्यमातून दहावी झालेले आपले मूल पुढे पीयूसीला विज्ञान घेते, तेव्हा पुस्तक बहुधा इंग्रजी असते, शिकवणे कधी इंग्रजीत कधी कन्नडमध्ये असते, आणि वर्गात विचारायची चोरी वाटते. पहिल्या तिमाहीत अनेक चांगली मुले तिथे गडबडतात. ज्याने दहावीचे वर्ष पुस्तक मिटून लिहिण्यात, आपली चूक आपणच शोधण्यात आणि तीन रकान्यांची वही भरण्यात घालवले आहे, त्याला तिसरा रकाना आधीच ओळखीचा असतो. ती वही दहावीच्या निकालानंतर रद्दीत घालू नका. जूनमध्ये पुन्हा लागेल.